ग्रुपवर टाकलंय, बघितलं नाही का?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव २०२२ मध्ये एकाएकी देशभर गाजलं. तीन हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावानं स्वातंत्र्यदिनापासून एक नियम केला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं. तेव्हापासून आमच्या भागात परीक्षा जवळ आल्या की भोंग्याचा विषय निघतोच. पारावर निघतो, शिक्षकांच्या बैठकीत निघतो, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जोरात व्हॉट्सॲपवर निघतो. एक बाजू म्हणते, मोबाईलनं घरातला संवाद संपवला, माणसं मुकी झाली, आता गावोगाव भोंगे बसवा. दुसरी बाजू म्हणते, रेडिओ आला तेव्हाही हेच रडगाणं होतं, टीव्ही आला तेव्हाही होतं. म्हाताऱ्यांना नवं काही सोसतच नाही.

दोघंही तास मोजत बसलेत. पोरगं किती वेळ स्क्रीनपुढे बसतं, नवरा-बायको किती वेळ एकमेकांशी बोलतात, याचाच हिशेब. माणसं बोलायची थांबली, हे मला मुळातच पटत नाही. माणदेशापासून कृष्णाकाठापर्यंतच्या या पट्ट्यात आज जेवढं बोलणं चालतं तेवढं कधीच चालत नव्हतं. बिघाड दुसरीकडे आहे. जी गोष्ट सगळ्या गावाला कळायला हवी, ती सांगण्याची जागा चावडीवरून उठून कुणाच्यातरी खासगी ग्रुपमध्ये गेली. तिथे ती सगळ्यांपर्यंत पोचली का, आणि नाही पोचली तर जबाब कुणी द्यायचा, हे विचारायची सोय उरली नाही. पोरांच्या डोळ्यांची काळजी करताना ही गोष्ट आपल्या नजरेतून निसटून जाते आहे.

आधी भोंग्याच्या बाजूनं जे खरं आहे ते मान्य करू. त्याला गावठी उपाय म्हणून हसणाऱ्यांना त्यातली हुशारी कळलेली नाही. एकट्या घरानं मोबाईल बंद ठेवला तर त्या घरातलं पोरगं मित्रांत वेडं ठरतं. क्लासचा निरोप चुकतो, क्रिकेटचं ठरलेलं कळत नाही, आणि तिसऱ्या दिवशी आई-बापच नमतं घेतात. सगळ्या गावानं एकदम बंद केला तर कुणाचंच काही चुकत नाही. शिवाय वडगावात मोठ्यांनीही स्वतःवर तोच नियम लावून घेतला, मालिकांसकट. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायलाच बंदी केली. बातम्यांत दोन्ही गावं एका दावणीला बांधली गेली, पण फरक मोठा आहे. एका गावात सगळ्यांनी आपल्यावर बंधन घातलं, दुसऱ्यात मोठ्यांनी लहानांवर.

पण वडगावनं हे साधलं कशानं? भोंग्यानं. सरपंचांनी रोज सात वाजता ग्रुपवर ‘आता मोबाईल बंद करा’ असा मेसेज टाकला असता तर किती दिवस टिकलं असतं? भोंगा सगळ्यांच्या कानावर एकाच वेळी पडतो, आणि तो शेजाऱ्याच्याही कानावर पडलाय हे प्रत्येकाला माहीत असतं. ‘मला ऐकूच आलं नाही’ म्हणायची सोय कुणालाच नाही. मेसेज ज्यानं त्यानं आपापल्या वेळेला, एकेकट्यानं वाचायचा असतो. त्यानं माहिती पोचते, पण ‘आपल्या सगळ्यांना हे माहीत आहे’ ही भावना तयार होत नाही, आणि गाव नावाची गोष्ट त्या भावनेवरच उभी असते. वडगावच्या प्रयोगातून सगळ्यांनी मोबाईल बंद करण्याचा धडा घेतला. मला त्यात सगळ्यांना एकदम ऐकू जाणाऱ्या साधनाचा धडा दिसतो.

आता संवाद संपल्याच्या तक्रारीकडे येऊ. ही तक्रार करणाऱ्यांच्या मनात एक हरवलेला सुवर्णकाळ असतो: पोस्टमनची वाट बघणारी आई, अंतर्देशीय पत्रावरचं गिचमिड अक्षर, त्यातला ओलावा. आमच्या विटा-आटपाडी-खानापूर भागात तो काळ बारकाईनं पाहिलेली माणसं अजून आहेत, कारण हा गलाईवाल्यांचा मुलूख. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली माणसं पार केरळ, तमिळनाडू, बंगाल, बिहारपर्यंत पसरली. तिकडे साताऱ्याच्या पाटण-जावळी-माणमधली माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत. बापय दूर, बाया-पोरं आणि म्हातारी माणसं गावात, हे या दोन जिल्ह्यांतल्या कित्येक घरांचं दोन-तीन पिढ्यांचं चित्र. १८७९ साली पाव आण्याला पोस्टकार्ड निघालं नसतं तर ही घरं कशी चालली असती कोण जाणे.

पण त्या पत्रांत असायचं काय? ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे. पत्रास कारण की…’ मग मनीऑर्डरचा आकडा, म्हशीच्या विक्रीची बातमी, पाऊसपाणी, आणि शेवटी मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. अर्धं पोस्टकार्ड ठरलेल्या शब्दांत संपायचं. आजच्या सुप्रभातच्या फुलांना नाकं मुरडणाऱ्यांनी ती जुनी पत्रं काढून बघावीत. ‘मी आहे, तू आहेस ना?’ एवढंच त्यांतही विचारलेलं असायचं. ‘ही एकवीस पत्रं न पाठवल्यास घरावर संकट येईल’ अशी देवाच्या नावानं येणारी कार्डंही तेव्हाचीच, म्हणजे फॉरवर्डचं वाणही काही आजचं नाही. मुख्य म्हणजे ते पत्र वाचायचं कोण? शाळेचे मास्तर, पोस्टमन, नाहीतर चौथीत शिकणारा पुतण्या. सासू शेजारी बसलेली. सुनेला नवऱ्याला काही कळवायचं असेल तर तेही त्याच माणसाच्या हातून लिहून घ्यायचं. त्या उघड्या कार्डावर कोणती सून आपलं दुखणं लिहू शकत होती? पत्रातला ओलावा पुष्कळदा वाचणाऱ्या मास्तरांचा असायचा.

त्यानंतरची साधनं भराभर आली आणि गेली. तार म्हणजे मृत्यूच, असं समजून पाकीट फोडायच्या आतच घरात रडारड सुरू व्हायची. १५ जुलै २०१३ ला ती सेवाच बंद झाली तेव्हा रडायला कुणी नव्हतं. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर दर उतरायची वाट बघत रात्री उशिरा रांगा लागायच्या. १९९५ मध्ये देशात मोबाईल आला तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. ते २००३ मध्ये थांबलं आणि मिस्ड कॉलची एक नवीच भाषा लोकांनी काढली: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मोजून बोलायची सवय वर्षभरात मोडली. यातल्या एकाही टप्प्यावर बोलणं कमी झालेलं नाही. कोईमतूरच्या दुकानात भट्टीपुढे बसलेला माणूस आज व्हिडिओ कॉलवर गावातल्या बैलाची शिंगं रंगवलेली बघतो. आणि ती सून आता रानात, बांधावर बसून आपल्या आईशी बोलते. ऐकायला मास्तर नाहीत, सासू नाही. एवढ्यासाठीसुद्धा मोबाईलचे शंभर अपराध पोटात घालायला मी तयार आहे. तरी फुशारकी मारायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्केच निघाल्या. घरात एकच फोन असतो तेव्हा तो कुणाच्या खिशात असतो, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

इथवर मी मोबाईलवाल्यांच्या बाजूचा वाटेन. पण खासगी बोलणं सुधारलं म्हणजे सार्वजनिक बोलणंही सुधारलं, अशी त्यांची जी समजूत आहे ती मला मान्य नाही. ही दोन बोलणी वेगळी आहेत. आईला फोन करणं ही एक गोष्ट, आणि उद्या टँकर येणार नाही हे गावाला कळवणं ही दुसरी. पहिल्यात चूक झाली तर आई रुसेल. दुसऱ्यात चूक झाली तर कुणाच्यातरी घरात दिवसभर पाणी नसेल.

रेशनकार्डाच्या ई-केवायसीची धावपळ चालू होती तेव्हाची, आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावची गोष्ट. शाळेत एका दिवसाचं शिबिर लागणार, सगळ्यांनी येऊन मशीनवर अंगठा द्यायचा, असा मेसेज आदल्या रात्री साडेदहाच्या पुढे गावच्या ग्रुपवर पडला. आमच्या शेजारच्या आजींकडे बटणांचा फोन. त्यावर ग्रुप नाही. त्यांचा पुण्यात नोकरी करणारा नातू मात्र ग्रुपवर आहे. त्यानं मेसेज वाचला आणि रिवाजाप्रमाणे खाली अंगठा दाखवला. आजी शाळेपासून पन्नास पावलांवर राहतात. त्या दिवशी त्या दारात हरभरा पाखडत बसल्या होत्या. शाळेकडे माणसं का चाललीत म्हणून त्यांनी एकाला विचारलंसुद्धा, तो घाईत होता. दोन दिवसांनी चौकशीला गेल्या तर उत्तर मिळालं, “ग्रुपवर टाकलंय की, बघितलं न्हाई व्हय?” दीडशे किलोमीटरवरच्या नातवाचा अंगठा उमटला, आजींचा राहिला. कुणाचा वाईट हेतू नव्हता. टाकणाऱ्याला खरोखर वाटलं की त्यानं गावाला सांगितलं.

माझी तक्रार आहे ती त्या ‘टाकलंय’वर. दवंडी पिटणारा कोतवाल हलगी वाजवत गल्लीगल्लीतून जायचा. एखादी वाडी त्यानं चुकवली तर दुसऱ्या दिवशी लोक त्याला धरायचे. ‘आमच्या वस्तीवर आलास का?’ हा प्रश्न त्याला विचारता यायचा. आज पोचवण्याची जबाबदारी सांगणाऱ्याकडून निघून ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडली आहे. फोन घ्या, रिचार्ज मारा, ग्रुपवर या, दीडशे सुप्रभातांमधून कामाचा मेसेज शोधा. आणि एवढं करून चुकलात तर चूक तुमचीच.

याला एक जोरदार उत्तर आहे, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ज्या चावडीचे मी गोडवे गातोय ती कुणाची होती? दवंडी द्यायला ज्याला पाठवायचे त्यालाच चावडीवर बसायची मुभा नसायची. गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत हलगीचा आवाज जायचा, पण ‘सगळ्यांनी जमायचंय’ यातले ‘सगळे’ म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. बायकांचा प्रश्नच नव्हता. त्या मानानं आजचा ग्रुप परवडला, कुणाचीही जात न विचारता मेसेज सगळ्यांना एकदम मिळतो, असं माझा एक तरुण मित्र मला ऐकवतो. गलाईचा धंदा करणाऱ्यालाही परमुलखात बसून गावचा कारभार कळतो, हेही तो जोडतो. दोन्ही मुद्दे खरे आहेत. त्याला मी नाही म्हणणार नाही.

मात्र त्या जुन्या चावडीचं दार उघडायला किती पिढ्या गेल्या ते आठवा. सत्यशोधकांचे जलसे याच सातारा जिल्ह्यात गावोगाव फिरले. त्यातूनच पुढे आलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांनी १९४३ ते ४६ या काळात प्रतिसरकार चालवलं, तेव्हा गावातले तंटे लोकांसमोर मिटवणारी न्यायदान मंडळं उभी राहिली. तारा आणि टेलिफोन इंग्रजांच्या हातात होते; चळवळीतल्यांनी तारा तोडल्या आणि निरोप माणसांच्या तोंडून, पत्रकांतून, आमच्याकडे सांगतात त्याप्रमाणे भाकरीच्या पाटीतूनसुद्धा नेले. त्या जाळ्यातला प्रत्येक दुवा हे एक माणूस होतं, आणि चुकीचा निरोप म्हणजे कुणाचातरी जीव, हे त्या माणसाला माहीत होतं. स्वातंत्र्यानंतर ग्रामपंचायतीचा कायदा आला, ७३ वी घटनादुरुस्ती आली, ग्रामसभेला अधिकार मिळाले, बायकांना आधी तेहतीस आणि मग महाराष्ट्रात पन्नास टक्के जागा मिळाल्या. ग्रामसभेची नोटीस फलकावर लावायची आणि दवंडी द्यायची, ठरावीक गणपूर्ती झाल्याशिवाय सभा चालवायची नाही, असे नियम झाले. एवढा खटाटोप करून सगळ्यांना बसता येईल अशी एक खोली कायद्यानं उघडली. आणि ती उघडल्यावर आपण गावचा कारभारच उचलून अशा खोलीत नेला की जिला नियमच नाही. ग्रामसभेतून एखाद्याला बाहेर काढायचं तर कायदा आडवा येतो. ग्रुपमधून काढायला एक बोट पुरतं, आणि कारण सांगावं लागत नाही. निवडणुकीनंतर हरलेल्या गटाची माणसं ग्रुपमधून कशी एकेक करून गळतात, हे कुठल्याही गावात विचारा. जात न विचारणारा ग्रुप पार्टी मात्र विचारतो.

न्यायालयांनाही ही अडचण दिसू लागली आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका थकबाकीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस, निळ्या खुणा दिसल्या म्हणून, पोचली असं धरलं. तेव्हा त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यही होतं. नोटीस चुकवत फिरणाऱ्या माणसाला त्यानं पकडलं. पण जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना बजावलं की चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर धाडून भागणार नाही, कायद्यात सांगितलेल्या रीतीनंच ती द्यायला हवी. कारण उघड आहे. ती नोटीस चुकली तर अटक होऊ शकते. जिथे न कळण्याची किंमत माणसाच्या स्वातंत्र्यानं मोजायची, तिथे ‘टाकलंय’ चालत नाही. मग जिथे ती किंमत रेशननं, पाण्यानं किंवा पीकविम्याच्या मुदतीनं मोजायची, तिथे का चालावं? २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: ग्रुपवर कुणी काही आक्षेपार्ह टाकलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याच्यावर गुन्हा ठरत नाही. कायदा म्हणून ते बरोबरच आहे. दुसऱ्याच्या लिहिण्याची शिक्षा याला कशाला? पण म्हणजे ग्रुपचा कारभारी तो, आणि ग्रुपमध्ये जे होईल त्याला जबाबदार मात्र तो नाही. एखाद्या सरपंचानं असा हक्क मागितला असता तर?

अफवांचं काय, असं इथे विचारलं जाईल, आणि विचारायलाच हवं. अफवांना व्हॉट्सॲप लागत नाही हे मला मान्य आहे. २००९ च्या गणेशोत्सवात मिरज पेटली तेव्हा कुणाच्या हातात व्हॉट्सॲप नव्हतं. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्यांतले बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्यानंतर त्याच महिन्यात एक मेसेज एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येऊ नये अशी मर्यादा कंपनीनं भारतात आणायला घेतली. लोकांना वाटलं, प्रश्न यंत्रानंच सुटला. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच जत तालुक्यात लवंगा गावाजवळ पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला, आणि त्याच संशयावरून त्यांना काठ्यांनी, पट्ट्यांनी मारहाण झाली. ती पाचची मर्यादा तेव्हा लागू होती. मारणारे बिनचेहऱ्याचे नव्हते, एकमेकांना ओळखणारे लोक होते. तिथे उणीव होती ती ‘थांबा, मी विचारून सांगतो’ असं म्हणणाऱ्या आणि ज्याचं सगळे ऐकतील अशा एका माणसाची. पोलीस पाटील हे पद असल्या वेळेसाठीच आहे. पण ग्रुपवर पोलीस पाटलाचा मेसेज आणि कुणा भुरट्याचा मेसेज एकाच रंगाच्या चौकटीत, एकाच आकाराच्या अक्षरात येतो.

आणि गोष्ट हाताबाहेर गेली की सरकार काय करतं? तेही भोंगाच वाजवतं, फक्त जिल्ह्याएवढा. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यात पुसेसावळीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरून हिंसाचार झाला, एकाचा जीव गेला, आणि सातारा जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. त्या घडीला दुसरा उपाय होता का, याबद्दल मी खात्रीनं बोलणार नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याची जागा वेगळी असते. पण इंटरनेट बंद झाल्यावर अफवा थांबत नाही, ती पायी चालायला लागते. खुलासा मात्र अडकून पडतो, कारण खुलासा करणाऱ्यांनी इंटरनेटशिवाय लोकांपर्यंत जायची वाट केव्हाच मोडून टाकलेली असते.

याउलट सांगलीकरांना एक गोष्ट फार चांगली जमते, आणि तिचं श्रेय आपण घेत नाही. पावसाळ्यात, कोयनेतून विसर्ग वाढला की, सगळं शहर एकच आकडा विचारतं: आयर्विनला पाणी किती? १९२९ च्या या पुलापाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातल्या माणसांनी रात्री जागून, दर तासाला तो आकडा एकमेकांना पाठवला. साधन तेच, व्हॉट्सॲप. तिथेही धरणाबद्दलच्या भलत्यासलत्या गोष्टी फिरतच होत्या. तरी आयर्विनच्या आकड्यावर लोकांनी सामान वर चढवलं, जनावरं हलवली, कारण त्या आकड्यामागे पुलाजवळची एक मोजपट्टी होती, ती वाचणारा एक माणूस होता, आणि शंका आली तर स्वतः जाऊन बघता येत होतं. फॉरवर्ड झाला तरी त्या मेसेजला मालक होता. पुढे वीज गेली, फोनच्या बॅटऱ्या संपल्या, आणि माडीवर अडकलेल्यांना गाठायला पुन्हा नावेतून ओरडत फिरणारी माणसंच लागली. २०२३ मध्ये एक दिवस सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम कर्कश वाजले आणि सरकारच्या आपत्ती इशाऱ्याची चाचणी म्हणून मेसेज आला, आठवतं? आमच्याकडे त्याची थट्टाच जास्त झाली. पण ग्रुपवर असल्या-नसल्याचा भेद न करता टॉवरखालच्या फोनांना एकदम जागं करणारी ती चाचणी दवंडीच्या जातीची होती. नव्या तंत्रात हे करता येत नाही असं मुळीच नाही. ठरवावं लागतं, इतकंच.

म्हणून माझं मागणं भोंगेवाल्यांना पुरेसं वाटणार नाही आणि मोबाईलवाल्यांना जाचक वाटेल. ग्रुप चालू द्या, त्यावर मी स्वतः दिवसातून वीसदा जातो. पण पाणी, रेशन, शाळा, आरोग्य, ग्रामसभा आणि सरकारी मुदती यांबद्दलचा कुठलाही मेसेज आधी फलकावर आणि लाऊडस्पीकरवरून, मगच ग्रुपवर, असा ठराव येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत व्हायला काय हरकत आहे? त्या मेसेजखाली कळवणाऱ्याचं नाव, पद आणि वेळ असावी. गावच्या नावानं चालणाऱ्या ग्रुपमधून कुणाला काढलं तर ते मासिक सभेत सांगावं. आणि ‘ग्रुपवर टाकलं होतं’ हे सबब म्हणून कुणाही कर्मचाऱ्याकडून ऐकून घेऊ नये.

यावर पहिला आक्षेप येईल तो मनुष्यबळाचा. फलक आहे, लाऊडस्पीकरही देवळात आहे, पण ज्यांच्यापर्यंत हे दोन्ही पोचत नाहीत, म्हणजे मळ्यातल्या वस्त्या, ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरातली म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेले, त्यांच्या दाराशी जायचं कुणी? खरं सांगायचं तर ती यादी गावात आजही आहे, आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या डोक्यात. कुणाच्या घरी कोण आहे आणि कुणाकडे फोन नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पण त्यांच्यावर आधीच माहिती भरायची एवढी ॲप्स लादली आहेत की २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडीताईंनी सरकारनं दिलेले निकृष्ट मोबाईल निषेध म्हणून परत केले होते. त्यांच्याच मानधनात हेही काम फुकट ढकलायला माझा विरोध राहील. कोतवालाकडे द्यायचं, रोजगार सेवकाकडे द्यायचं, की वित्त आयोगाच्या पैशातून काही बसतं का ते बघायचं, यावर दोन मतं होतील. त्यावर भांडायला मी ग्रामसभेत येईन.